गावच्या महायुद्धाच्या पाटीवर नुसता आकडा आहे, नावं कशी शोधायची?

पहिलं महायुद्ध संपल्यावर इंग्रज सरकारनं, जिथून पलटणीत माणसं गेली होती अशा बऱ्याच गावांत एक पाटी बसवली. बहुधा संगमरवराची, मजकूर जवळपास एकाच साच्यातला, कुठे इंग्रजीत तर कुठे मराठीत: या गावातून इतके इसम १९१४–१९१९ च्या महायुद्धात गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. बस्स. नाव एकाचंही नाही.

मी सातारा जिल्ह्यात तलाठी होतो. बदली होऊन नव्या सज्जावर गेलो की दप्तर ताब्यात घ्यायचं आणि मग ही पाटी हुडकायची, अशी खोडच लागली. निवृत्त झालो तरी ती गेली नाही. त्यामुळे लोक अजून विचारतात, "भाऊसाहेब, आमच्या गावचे ते कामी आलेले कोण हो?" उत्तर निघतं. पुष्कळदा सगळ्यांचं नाही निघत, पण निम्म्या-अधिकांचं निघतं. कसं काढायचं ते क्रमानं सांगतो.

आधी दगड

चावडी, जुनी मराठी शाळा, मारुतीचं देऊळ, वेस आणि पार, एवढी ठिकाणं बघा. तिथं नसेल तर शाळेची जुनी इमारत कोणत्या साली पाडली ते विचारा, आणि ते सरपंचाला नको, गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या गवंड्याला विचारा. घडीव दगड गवंडी कधी फेकून देत नाही. पायरीला लावतो, नाहीतर ओट्याला. एका गावी पाटी पालथी घालून तिच्यावर शाळेचा पाण्याचा पिंप ठेवलेला होता. पालथी होती म्हणून अक्षरं शाबूत राहिली, हेही खरं.

दगड सापडला की गावातली उत्साही पोरं तारेचा ब्रश आणि फरशी धुवायचं ॲसिड घेऊन येतात. त्यांना थांबवा. संगमरवर ॲसिडनं विरघळतो. पाच मिनिटांत शंभर वर्षांचं अक्षर जातं. साधं पाणी, मऊ ब्रश आणि धीर, एवढंच लागतं. वर ऑइल पेंटचे थर असतील तर खरवडू नका. अक्षरं रंगाखालूनही वाचता येतात, त्याची रीत अशी:

अंधार पडल्यावर जा. मोबाईलची बॅटरी दगडासमोर न धरता बाजूनं, दगडाला जवळजवळ टेकवून धरा, म्हणजे उजेड पृष्ठभागावरून सरपटत जाईल. खोलगट भागात सावली पडते आणि दुपारी कोरा दिसणारा दगड वाचता येतो. बॅटरी चारही बाजूंनी फिरवून प्रत्येक वेळी फोटो घ्या. काही पाट्यांत अक्षरं कोरून शिसं भरलेलं असतं. शिसं गळून गेलं असलं तरी ते धरून ठेवायला पाडलेली बारीक भोकं तळाशी राहतात. त्या भोकांच्या रांगेवरून तीन आहे की आठ ते ठरवता येतं. आकडा नीट वाचला जाणं महत्त्वाचं, पुढचा सगळा हिशेब त्याच्याशी ताडायचा आहे.

आकड्यात कोण धरलंय

तोफा थांबल्या ११ नोव्हेंबर १९१८ ला. पाटीवर १९१९ असतं ते व्हर्सायचा तह २८ जून १९१९ ला झाला म्हणून. युद्धकबरींचा कारभार पाहणाऱ्या आयोगानं तर ४ ऑगस्ट १९१४ पासून ३१ ऑगस्ट १९२१ पर्यंत सेवेत मेलेल्यांना या युद्धातले मानलंय. तेव्हा कुणाच्या मृत्यूची तारीख १९२० ची निघाली तर "हा आपल्या पाटीतला नव्हे" म्हणून लगेच खोडू नका.

शिवाय "गेले" म्हणजे सगळे बंदूकवाले नव्हेत. फौजेबरोबर खेचरं हाकणारे, भिस्ती, स्वयंपाकी, मजूर असा मोठा ताफा असे. आणि "प्राण दिले" म्हणजे गोळी लागूनच, असंही नाही. इराकात, त्या वेळच्या मेसोपोटेमियात, तापानं आणि हगवणीनं गेलेलेही त्यातच.

युद्ध संपल्याची बातमी गावात पोचली तेव्हा काय हाल होते हे ध्यानात असेल तर पुढची कागदपत्रं नीट लागतात. १९१८ चा पाऊस दगा देऊन गेलेला. जूनमध्ये मुंबईत शिरलेला इन्फ्लुएन्झा ऑक्टोबरपर्यंत खेड्यापाड्यांत पसरला होता. एकट्या मुंबई इलाख्यात दहा लाखांवर माणसं गेली. लाकडं पुरत नव्हती तिथं विजयाची दिवाळी कोण करणार? त्याच वर्षी १० जूनला मुंबईच्या टाउन हॉलमधल्या युद्ध परिषदेत गव्हर्नर विलिंग्डननं लोकमान्यांना मध्येच अडवलं आणि ते उठून बाहेर पडले. पुढच्या एप्रिलात जालियनवाला बाग झालं. डिसेंबर १९१९ मध्ये सरकारनं देशभर शांतता-उत्सव ठरवला, तर खिलाफत परिषदेनं त्यावर बहिष्कार पुकारला. नोव्हेंबर १९२१ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स पुण्यात आला आणि त्याच्या हस्ते शिवाजी महाराजांच्या स्मारकाची पायाभरणी झाली, तीही बहिष्काराच्याच दिवसांत. गावातली पाटी या सगळ्या गदारोळात बसली. तिच्याबद्दल घराघरांत फार बोललं गेलं नाही, त्याचं एक कारण हे असावं, असं मला वाटतं. अपवाद आहेत. आमच्या जिल्ह्यातल्या अपशिंग्यातून त्या युद्धात ४६ जण कामी आले, आणि ते गाव आजही "अपशिंगे मिलिटरी" म्हणूनच ओळखलं जातं. तिथल्या माणसाला पाटी कुठे आहे ते विचारावं लागत नाही.

आयोगाच्या यादीत शोध

वर म्हटलेला युद्धकबरींचा आयोग म्हणजे कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन. ते १९१७ साली स्थापन झालं, तेव्हा नाव इम्पीरियल होतं. त्यांची मृतांची यादी इंटरनेटवर फुकट बघता येते. इंग्रजीत आहे, पण दहावी झालेलं कुठलंही पोर घेऊन बसा, जमतं.

इथं जवळजवळ सगळे एकच गोष्ट करतात: आडनाव टाकतात, काही मिळत नाही, आणि उठतात. आडनाव टाकूच नका. आपल्या शिपायांची नावं साहेबाच्या कारकुनानं कानाला लागली तशी लिहिलीत. शिंद्यांचं सिंदे होतं, जाधवांचं जाधो, पवारांचं पोवार, आणि पुष्कळांचं आडनाव लागलेलंच नाही, नुसतंच "गणू" किंवा "राणू". त्याऐवजी नावाची जागा कोरी ठेवा, युद्ध पहिलं निवडा, सैन्य भारतीय निवडा, आणि "जादा माहिती"च्या चौकटीत गावाचं नाव घाला. बऱ्याच नोंदींत "अमक्याचा मुलगा, गाव अमुक, तालुका अमुक, जिल्हा अमुक" असा एक ओळीचा मजकूर असतो. शोध त्या ओळीत होतो.

गावाचं स्पेलिंगही त्याच कारकुनाचं, म्हणून तीन-चार तऱ्हा करून बघा. शेवटी "व" असेल तिथं "ओ" घाला. खटावचं "खटाओ" असंच सापडतं. गाव लागलंच नाही तर तालुका घाला आणि सगळी यादी संगणकावर उतरवून एकेक ओळ वाचा. कंटाळवाणं आहे, पण गावाचं विचित्र स्पेलिंग असंच हाती लागतं.

जिल्हा मात्र आजचा घालू नका. सांगली जिल्हा १९४९ साली झाला, त्याचा बराच भाग आधी साताऱ्यातच होता. वाळवे, तासगाव, खानापूरची माणसं "सातारा" म्हणून लागतील. सिंधुदुर्ग १९८१ साली रत्नागिरीतून निघाला. रायगड त्याच साली रायगड झाला, आधी कुलाबा. महाडचा शिपाई कुलाब्यात बघायचा. कोल्हापूर, सावंतवाडी, भोर ही संस्थानं, तिथं जिल्ह्याऐवजी संस्थानाचं नाव. आणि जुळ्या गावांपासून सावध राहा: खेड रत्नागिरीत आहे तसं पुणे जिल्ह्यातही आहे, पाटण आमच्याकडे आहे तसं गुजरातेतही आहे.

कोकणातल्यांनी आणखी एक करावं. बोटीवर गेलेले खलाशी पलटणींच्या यादीत नसतात. समुद्रातच गेलेल्या, कबर नसलेल्या दोन हजारांवर खलाशांचं स्मारक मुंबईत मशीद बंदराजवळच्या खलाशांच्या वसतिगृहात आहे. आयोगाच्या यादीत ते "बॉम्बे १९१४–१९१८ मेमोरियल" या नावाखाली येतं.

नोंद मिळाली की पलटणीचा नंबर आणि तारीख जोडीनं वाचा. १०३, १०५, ११०, ११४, ११६, ११७ या मराठा पलटणी. १९२२ साली त्या एकत्र करून पाचवी मराठा रेजिमेंट झाली: १०३ ची जंगी पलटण, १०५ ची काळी पाचवी. १०३, ११० आणि ११७ पुणे डिव्हिजनबरोबर मेसोपोटेमियात कुत-अल-अमाराच्या वेढ्यात अडकल्या होत्या. डिसेंबर १९१५ मध्ये वेढा पडला, २९ एप्रिल १९१६ ला उपासमारीनं शरणागती झाली आणि तेरा हजारांच्या आसपास माणूस तुर्कांच्या कैदेत गेला. तेव्हा या तीन पलटणींतलं नाव आणि मृत्यू १९१६ च्या मे महिन्यानंतरचा असेल तर तो कैदेत गेला असण्याची शक्यता मनात धरा. घरात "पणजोबा लढाईवरून आलेच नाहीत, पत्रही नाही" एवढीच आठवण असेल तर तिच्याशी हे जुळतं. १११ नंबर दिसला तर ती महार पलटण, १९१७ ला उभारलेली आणि १९२१ ला मोडलेली. गरज सरली आणि पलटण गेली. पाटीसाठी मात्र त्यांची डोकी मोजली होती.

इराकातल्या बसऱ्याच्या स्मारकावर चाळीस हजारांवर माणसं नोंदली आहेत. १९२९ साली ते उभं राहिलं तेव्हा गोऱ्या शिपायांची नावं दगडावर कोरली आणि आपल्या साध्या शिपायांचा पलटणीखाली नुसता आकडा घातला. नावं गेली वहीत. ती वही आता संगणकावर आली आहे म्हणून तुमचं काम होतंय. अशी वागणूक सारखी नव्हती हे आयोगानं २०२१ च्या एप्रिलात अहवाल काढून मान्य केलं. बरं केलं, उशीर झाला.

आता आमचं दप्तर

आयोगाची यादी फक्त सुरुवात. ती नोंद तुमच्याच गावच्या अमुक घराण्याची आहे हे सिद्ध होतं ते महसूल दप्तरात. तीन गोष्टी मागा.

पहिली, फेरफार नोंदवही, म्हणजे गाव नमुना सहा, १९१५ ते साधारण १९४५ पर्यंतची. जुने फेरफार बऱ्याच ठिकाणी स्कॅन होऊन "आपले अभिलेख" या सरकारी संकेतस्थळावर आले आहेत. नसतील तर तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज करा. साल मुद्दाम लांबपर्यंत सांगितलं. पलटणीत गेला तो बहुधा विशीतला पोरगा, त्याच्या नावावर जमीनच नसायची. खातं बापाचं. मग पोरगा बसऱ्याला मेला तेव्हा दप्तरात काहीच होत नाही. पंधरा-वीस वर्षांनी बाप जातो तेव्हा वारस लागतात, आणि तिथं लिहिलेलं असतं: "पैकी राणू हा पलटणीत नोकरीस असता मयत झालेने त्याची विधवा..." अशी एक ओळ मिळाली की गावाचा एक माणूस पाटीतून बाहेर आला म्हणून समजा. म्हणून फक्त युद्धाच्या सालातले फेरफार बघून थांबू नका. बापाच्या मृत्यूचा फेरफार बघा.

दुसरी, वारस नोंदवही, नमुना सहा-क. तिसरी, जन्म-मृत्यूची वही, नमुना चौदा. पण तिच्यावर भिस्त ठेवू नका. परमुलखात मेलेल्याची नोंद कोतवालानं क्वचितच केलेली असते. तिचा उपयोग उलटा आहे: १९१८ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरची पानं उघडा, तापानं गेलेल्यांची रांग दिसेल. रजेवर आलेला शिपाई त्या रांगेत असू शकतो.

जुनी पानं मोडीत असतात. पूर्वी मोडी वाचणारा शोधायला पुण्याला जावं लागे. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हापासून तालुक्याच्या गावीही वाचणारे भेटतात, आणि तेव्हा बऱ्याच वह्यांची धूळही झटकली गेली. वाचताना "बिन" म्हणजे अमक्याचा मुलगा आणि "कोम" म्हणजे अमक्याची बायको, एवढं पाठ असू द्या. फार जुन्या कागदांत महारांच्या नावांना "नाक" जोडलेलं असतं, तेही सोडून देऊ नका. महार वतनाची जमीन वेगळ्या नोंदीत असते; ती मागितल्याशिवाय कुणी दाखवत नाही. एखाद्या गावात यादी तयार झाली आणि तिच्यात सगळी एकाच आळीची नावं आली, तर यादी अपुरी आहे, पुन्हा बसा.

मग घरोघर

कागद हातात घेऊनच घरोघर जा. आधी गेलात तर प्रत्येक घर म्हणेल की पाटीतला एक आमचा. घरात गेल्यावर "युद्धाबद्दल काय माहिती आहे" असं विचारू नका. "पेटीत जुनी नाणी-बिल्ले काही आहेत का" असं विचारा.

पदकं दोन प्रकारची बघायला मिळतात. एक चांदीचं, एका बाजूला पंचम जॉर्जचं डोकं, दुसऱ्या बाजूला घोड्यावरचा उघडा माणूस. मजुरांना आणि सोबतच्या लोकांना तेच काशाचं मिळालं. दुसरं पंख असलेल्या बाईचं. दोन्हींच्या कडेवर बारीक अक्षरांत शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. ती कड भिंगानं वाचा, तोच नंबर आयोगाच्या यादीत टाका. नावाच्या स्पेलिंगचा सगळा घोळ एका फटक्यात मिटतो. चांदीची पुष्कळ पदकं दुष्काळात सोनाराच्या मुशीत गेली, म्हणून काशाचं असेल तर ते टिकलेलं असण्याचा संभव जास्त.

मेलेल्याच्या घरी मात्र वेगळी वस्तू आली: काशाची गोल ढाल, बारा सेंटिमीटर व्यासाची, तळहात भरेल एवढी. खटाव तालुक्यातल्या एका घरात ती देव्हाऱ्यात होती. हळदीकुंकवाचा थर इतका की आकृती नुसती बोटाला लागत होती. घरची आजी म्हणाली, "ही आमची आंबाबाई हाय, बघा की, शिंव हाय, तिरसूळ हाय." दोन्ही होतंच. ती ब्रिटानिया, म्हणजे बाईच्या रूपात दाखवलेलं ब्रिटन. पुढ्यात सिंह, हातात त्रिशूळ, दुसरा हात लांब करून एका चौकटीवर हार धरलेला. त्या चौकटीत उठावाच्या अक्षरांत मेलेल्याचं नाव असतं, हुद्दा नसतो, कारण मरणात सगळ्यांना सारखं धरायचं असं साहेबानं ठरवलं होतं. कडेनं इंग्रजीत लिहिलेलं असतं की हा स्वातंत्र्य आणि सन्मान यांसाठी मेला. कुणाचं स्वातंत्र्य, ते लिहिलेलं नाही.

मी आजींना विचारून चौकटीपुरतं कुंकू ओल्या फडक्यानं पुसलं, फोटो घेतला आणि त्यांच्याकडूनच पुन्हा कुंकू लावून घेतलं. तुम्हीही तसंच करा. घासून लख्ख करायचा आग्रह धरू नका, आणि "ही देवी नव्हे" हेही ऐकवायची गरज नाही. चौकटीत त्यांच्या आजेसासऱ्यांच्या भावाचं नाव होतं, ते सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मग बरोबर जागीच हाय." वस्तू विकत मागणारे लोक हल्ली फिरतात. फोटो घ्या, वस्तू घरातच राहू द्या.

यादी झाल्यावर

प्रत्येक नावापुढे पुरावा कुठला ते लिहा: आयोगाची नोंद, फेरफार क्रमांक, पदकाचा नंबर, की नुसती तोंडी आठवण. दोन पुरावे जुळले तर पक्कं, एकच असेल तर कच्चं. तुमची बेरीज पाटीशी जुळलीच पाहिजे असा हट्ट नको. पाटीवर सात आणि तुमच्याकडे नऊ, असंही होतं; वाडी तेव्हा दुसऱ्या गावात असेल, किंवा पाटी बसल्यावर कुणी मेला असेल. आकड्यासाठी नाव गाळू नका.

नावं जुन्या दगडावर कोरू नका. बाजूला नवी पाटी लावा, ग्रामसभेत यादी वाचून दाखवून, हरकती घेऊन. हरकत येतेच, बहुतेक वेळा आडनावाची. सरकारी कागदात आहे तसं नाव वर आणि घरचं म्हणणं खाली, असं दोन्ही लिहिलं की तंटा मिटतो. खाली चार ओळी कोऱ्या ठेवायला पाथरवटाला सांगा. पाटी लागल्याच्या वर्षभरात हमखास कुणीतरी पेटी उघडून बिल्ला घेऊन येतो.

आणि शेवटचं काम. तुमच्या यादीतला कुणी आयोगाच्या यादीत नसेल, किंवा असून गाव-नाव चुकीचं असेल, तर त्यांच्याकडे पुराव्यासह अर्ज करता येतो. फेरफाराची नक्कल, तिचं इंग्रजी भाषांतर आणि पदकाच्या कडेचा फोटो जोडा. फौजेत होता आणि वर सांगितलेल्या मुदतीत मेला, या दोन्ही गोष्टी कागदावर दिसल्या पाहिजेत. तोंडी आठवणीवर ते नाव चढवत नाहीत, आणि उत्तराला वेळ लागतो. नकलेच्या दोन प्रती काढून एक स्वतःकडे ठेवा.